सिंगापूरला नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी: घरातल्या प्रत्येकाचा फोन त्याच्या स्वतःच्या नावावर

सिंगापूरला नोकरीनिमित्त येणारी मराठी कुटुंबे पहिल्यांदा फोन करतात तेव्हा घराचे भाडे आणि मुलांची शाळा हे दोनच विषय त्यांच्या मनात असतात. मी मात्र त्यांना आधी विचारते, की तुम्ही दोघे आपापल्या नावावर वेगवेगळे फोन क्रमांक घेणार आहात ना? प्रश्न किरकोळ वाटतो. पण या शहरात बँक, दवाखाना, शाळा आणि सरकारी कचेरी या सगळ्यांची दारे फोनमधूनच उघडतात, आणि ज्याच्या नावावर काहीच नोंदलेले नाही त्याला साध्या साध्या कामांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

हे मी अनुभवाने सांगते. आम्ही आलो तेव्हा मी डिपेंडंट पासवर (नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर) होते, आणि सोयीचे पडते म्हणून यजमानांनी बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळे आपल्याच क्रमांकावर नोंदवले होते. तिसऱ्या महिन्यात धाकटीला रात्री अकराच्या सुमारास सडकून ताप भरला. व्हिडिओवरून तपासणारे डॉक्टर फोनवर मिळाले, पण पैसे भरताना माझ्या कार्डाचा ओटीपी यजमानांच्या क्रमांकावर गेला आणि ते त्या वेळी जकार्ताहून परतीच्या विमानात होते. पोर मांडीवर कण्हत होती आणि आकडा टाकण्यासाठी दिलेला वेळ पडद्यावर एकेका सेकंदाने कमी होत होता. अखेर शेजारच्या तमिळ आजींच्या सुनेने तिच्या फोनवरून पैसे भरले. त्या आठवड्यातच मी माझा स्वतंत्र क्रमांक, माझी सरकारी ओळख आणि माझे खाते अशा तिन्ही गोष्टी करून घेतल्या. पुढचे सगळे मार्गदर्शन याच क्रमाने आहे.

सुरुवात भारतातूनच करावी. तुमचा भारतातला क्रमांक बंद करू नका, कारण आधार, भारतातली बँक आणि प्राप्तिकराचे खाते यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, आणि तो एकदा हातचा गेला की परत मिळवण्यासाठी प्रत्यक्ष भारतात जावे लागते. प्रीपेड क्रमांक बराच काळ वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, म्हणून रोमिंगवर संदेश येतील असे छोटे रिचार्ज नियमाने करत राहा आणि त्याची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्येच लावून ठेवा. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर भारतातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्यावे लागते, आणि हे काम निघण्यापूर्वी आपल्या शाखेत उरकणे फार सोपे असते. एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) किंवा एनआरओ खात्याला सिंगापूरचा क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून मिळालेली आहे. तुमची बँक ती सोय देते का, हे त्याच फेरीत विचारून घ्या.

फोन दोन सिमचा हवा. त्यातले एक ई-सिम असले तरी चालते. इथे टूजी सेवा २०१७ मध्ये आणि थ्रीजी सेवा २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जो फोन व्होल्टीवर, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरून, बोलू शकत नाही त्यावरून इंटरनेट चालले तरी साधा फोन लागत नाही, आणि रुग्णवाहिकेचा ९९५ किंवा पोलिसांचा ९९९ हा क्रमांकही लागत नाही. आईबाबांसाठी जुना फोन घेऊन येणाऱ्यांनी हे आधी तपासावे. सिंगटेल, स्टारहब, एमवन आणि सिंबा या इथल्या कंपन्या आहेत. पहिल्या दिवशी पासपोर्ट दाखवून प्रीपेड सिम घ्यावे आणि पास हातात आल्यावर निवांतपणे मासिक योजना निवडावी. उत्तरेला वूडलँड्सच्या बाजूला घर घेतले तर खाडीपलीकडच्या मलेशियाचे नेटवर्क फोन आपोआप पकडतो. डेटा रोमिंग बंद ठेवले नाही तर घरच्या सोफ्यावर बसल्या बसल्या परदेशी बिल चढते.

पास मिळाला की प्रत्येकाला एक फिन क्रमांक, म्हणजे परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक, मिळतो. दोन टोकांना इंग्रजी अक्षरे आणि मध्ये सात अंक अशी त्याची रचना असते. त्याच्या आधारे सिंगपास, म्हणजे सरकारी डिजिटल ओळख, काढायचा. सिंगपासची सेवा २००३ पासून आहे आणि त्याचे ॲप २०१८ मध्ये आले. आपल्याकडचे आधार आणि डिजिलॉकर एकत्र केले तर जे होईल, साधारण तसे त्याचे काम आहे. बँकेत खाते उघडताना, घराचा भाडेकरार करताना किंवा सरकारी दवाखान्याची वेळ घेताना पडद्यावरचा क्यूआर सिंगपासने स्कॅन करायचा, की नाव, पत्ता आणि पासची माहिती अर्जात आपसूक भरली जाते. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाला सिंगपास काढता येतो आणि डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदारालाही तो मिळतो. इथेच बहुतेक घरे चुकतात. ‘तिला कशाला लागणार आहे?’ असे म्हणून तो काढायचा राहतो, किंवा काढला तरी त्यात नवऱ्याचा क्रमांक घातला जातो. मग सरकारी शाळेतल्या मुलांच्या सूचना आणि सहलींची संमतीपत्रे ज्या पेरेंट्स गेटवे ॲपवर येतात ते आईला उघडता येत नाही, आणि हेल्थहब या सरकारी आरोग्य ॲपवरची लसीकरणाची नोंद पाहायलाही ऑफिसातल्या माणसाला फोन करावा लागतो. माझी हात जोडून विनंती आहे, की पास हाती आल्यावर पहिल्याच शनिवारी दोघांनी शेजारी बसून आपापल्या फोनवर आपापला सिंगपास सुरू करावा.

बँक खाते झाले की त्याला पेनाऊ जोडा. समोरच्याचा मोबाइल क्रमांक किंवा दुकानाचा क्यूआर घेऊन तत्काळ पैसे पाठवण्याची ही सोय जुलै २०१७ पासून आहे आणि यूपीआयची सवय असलेल्या माणसाला ती शिकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या मंडईतल्या, बहुतेक गाळ्यांवर क्यूआरची पाटी असते, तरी काही म्हाताऱ्या गाळेवाल्यांकडे अजून रोखच चालते, म्हणून खिशात वीसेक डॉलर असू द्या. भारतात पैसे पाठवण्यासाठी पेनाऊ आणि यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ रोजी एकमेकांना जोडले गेले. तुमची इथली आणि समोरच्याची तिथली बँक त्यात सहभागी असेल, तर आईच्या यूपीआय आयडीवर इथून थेट रक्कम जाते. दिवसाची मर्यादा १,००० सिंगापूर डॉलरची आहे, त्यामुळे घरखर्चाला ही सोय उत्तम आहे; मोठ्या रकमेसाठी मात्र बँकेचा किंवा परवानाधारक कंपनीचा दर त्या दिवशी ताडून पाहावा.

आता प्रवासाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण नवीन माणसाचे पैसे इथे नकळत जातात. मेट्रो आणि बस या दोन्हींत चढताना व उतरताना कार्ड टेकवायचे असते आणि भाडे अंतरावर ठरते. वेगळे तिकीट काढण्याची गरज नाही. बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोनमधले कार्ड पुरते. भारतातले कार्डही चालते, पण परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट जास्तीचे आकारले जातात, म्हणून इथले कार्ड आल्याबरोबर तेच वापरू लागा. सर्वांत जास्त फसगत होते ती अशी: सकाळी घाईत तुम्ही फोन टेकवून आत गेलात आणि उतरताना हात पिशव्यांनी भरलेले असल्यामुळे पाकिटातले कार्ड टेकवलेत. दोन्हींमागे खाते एकच असते, तरी यंत्राच्या लेखी फोन वेगळा आणि कार्ड वेगळे. त्याला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि भाडे वाढते. तेव्हा सकाळी जे टेकवाल तेच दिवसभर टेकवा. बसमधून उतरताना टेकवायचे राहिले तर मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. बस बदलताना पंचेचाळीस मिनिटांच्या आत पुढची बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. इथेही प्रत्येकाचे आपापले.

बस किती मिनिटांत येईल आणि तिच्यात बसायला जागा आहे की नाही, हे माय-ट्रान्सपोर्ट ॲपवर नेमके कळते. प्रत्येक थांब्याच्या खांबावर पाच आकडी क्रमांक असतो. आपल्या घराजवळचा आणि ऑफिसजवळचा असे दोन क्रमांक साठवून ठेवले की रोजचे काम भागते. बस दिसली की हात दाखवायचा, नाहीतर ती न थांबता पुढे जाते. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे नवीन नाही. प्रत्येक बसमध्ये थांब्याचे नाव पुकारले जातेच असे नाही, म्हणून पहिले काही आठवडे नकाशावर आपला निळा ठिपका पाहत राहावे. टॅक्सीसाठी उबर शोधू नका. २०१८ मध्ये त्यांचा इथला व्यवसाय ग्रॅबकडे गेला. ग्रॅबबरोबर झिग आणि टाडा हीही ॲप घेऊन ठेवा, कारण पाऊस लागला की तिन्हींच्या दरांत बराच फरक पडतो. पावसाचा अंदाज, डासांमुळे डेंग्यूचा धोका वाढलेले भाग आणि सुमात्रातल्या आगींमुळे हवेत धूर भरला असेल तर त्याची पातळी हे सगळे माय-ईएनव्ही या सरकारी ॲपवर पाहता येते. दम्याचा त्रास असलेल्यांनी ते जरूर घ्यावे.

फसवणुकीविषयी मात्र प्रत्येकाने नीट वाचावे. नव्याने आलेल्या माणसाच्या मनात पास रद्द होण्याची भीती असते आणि भामटे नेमकी तीच नस दाबतात. फोन येतो, पलीकडचा माणूस सफाईदार इंग्रजीत आपण मनुष्यबळ मंत्रालयातून किंवा पोलिसांकडून बोलत असल्याचे सांगतो, तुमच्या फिन क्रमांकावर गुन्हा नोंदल्याचे सांगतो, फोन ठेवू नका आणि घरात कोणाशी बोलू नका असे बजावतो, आणि मग ‘तपासासाठी’ पैसे एका खात्यात हलवायला लावतो. इथला कोणताही सरकारी अधिकारी फोनवरून पैसे पाठवायला किंवा बँकेचा पासवर्ड सांगायला सांगत नाही. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. २०२० पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक फोनच्या क्रमांकाआधी अधिकचे चिन्ह दिसते आणि देशातल्या देशात आलेल्या फोनला ते नसते. म्हणजे ‘अधिक ६५’ असा, वरवर सिंगापूरचा वाटणारा क्रमांक वाजला तर तो फोन बाहेरून आला आहे असे समजा. सरकारी खात्यांचे संदेश जुलै २०२४ पासून ‘जीओव्ही डॉट एसजी’ या एकाच नावाने येतात, आणि नोंदणी नसलेल्या नावांनी आलेल्या संदेशांवर तो बहुधा फसवा असल्याचा इशारा छापलेला असतो. बँका संदेशातून दुवे पाठवत नाहीत. दुवा आला की तो बँकेचा नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि १७९९ या फसवणूकविरोधी मदत क्रमांकावर विचारा. स्कॅमशील्ड ॲपवरही संशयास्पद संदेश तपासून मिळतो.

दुसरा सापळा ॲपचाच आहे. घर साफ करून देण्याची किंवा स्वस्त किराण्याची जाहिरात दिसते, चौकशी केली की व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, ती टाकून पाच डॉलर आगाऊ भरायला सांगतात, आणि त्या फाइलीतून फोनचा ताबाच दुसऱ्याच्या हाती जातो. अधिकृत ॲप स्टोअरबाहेरून काहीही घेऊ नका, मग ते नातेवाइकांच्या गटात आलेले पंचांगाचे किंवा आरत्यांचे ॲप का असेना. अशी ॲप फोनवर असतील तर इथल्या काही बँकांचे ॲप उघडायलाच नकार देते. माझ्या मावसबहिणीच्या फोनवर हे झाले तेव्हा तिला बँकेचाच राग आला होता. कारण कळल्यावर तिने ते ॲप काढून टाकले.

भाड्याच्या घरासाठी प्रॉपर्टीगुरू आणि नाइन्टीनाइन-डॉट-को पाहा, पण घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत भरू नका, आणि दलालाचा नोंदणी क्रमांक व फोन सरकारी नोंदवहीत जुळतो का ते आधी तपासा. सामानाला कॅरोसेल हे जुन्या वस्तूंचे ॲप चांगले. सोडून जाणारी कुटुंबे टेबलखुर्च्या जवळजवळ फुकट देतात.

काही महिन्यांनी आईबाबा भेटीला येतील. त्यांचे आगमनपत्र येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. ते माय-आयसीए ॲपवर विनामूल्य भरता येते, आणि त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नसते. त्यांच्यासाठी फोनमधल्या कार्डाचा हट्ट धरू नका. आधी पैसे भरून वापरायच्या साध्या ईझी-लिंक प्रवासकार्डाची शिल्लक फाटकावर तिथल्या तिथे दिसते. २०२४ च्या जानेवारीत ही जुनी पद्धत बंद करण्याचे ठरले होते, पण शिल्लक दिसत नाही म्हणून लोकांनी इतकी तक्रार केली की सरकारने त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. स्टेशनवरच्या तिकीट कार्यालयात शिल्लक दिसणारेच कार्ड मागा आणि दोघांना दोन घ्या. माझे सासरे पंच्याहत्तरीत आहेत. ते दर वेळी फाटकावर क्षणभर थांबून आकडा वाचतात, मागच्याला वाट करून देतात आणि मग एकटेच लिटल इंडियात, टेक्का सेंटरला भाजी आणायला जातात.