सोंगणी-वेचणीच्या दिवसांत कोळी चावला तर धोका कसा ओळखावा

सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी आली, की गंजीखाली, पऱ्हाटीत, कुटारात हात घालावाच लागतो. आपल्याकडचे बहुतेक कोळी माणसाला गंभीर इजा करत नाहीत. त्यामुळे कोळी शोधत बसू नका, माणसाकडे पाहा.

चावल्याची जागा साबणाने धुवा. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा. सूज चढली की त्या निघत नाहीत. थंड पाण्याची घडी 10 मिनिटे ठेवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. सूज किती वेगाने पसरतेय हे डॉक्टरांना त्यावरून कळते. चिरा देऊ नका, चुना-तंबाखू लावू नका, दोरी आवळून बांधू नका.

दुखणे तेवढ्याच जागी राहून दिवसभरात उतरू लागले तर पॅरासिटामॉल पुरते; धनुर्वाताच्या इंजेक्शनचे मात्र विचारून घ्या. पण तासा-दोन तासांत कळ हातापायातून वर चढली, पेटके आले, दरदरून घाम सुटला, पोट ताठर झाले, छाती धडधडू लागली, तर विष अंगात भिनले आहे. सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. जखमेचा मध्य निळा-काळा पडला किंवा लघवी गडद झाली तरी त्याच दिवशी दाखवा. लहान मूल, गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसासाठी वाट पाहूच नका. सापाची लस कोळ्यावर चालत नाही.

खरी चूक होते ती भलत्याच गोष्टीला कोळी समजण्यात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावा जाणवलाही नाही, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते: हा मण्यार साप समजा आणि 108 ला फोन करा. फवारणीनंतर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, लाळ गळू लागली, तर ती औषधाची विषबाधा. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा, बाटली सोबत न्या. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-मजुरांचे जीव गेले आहेत.

काखेत, जांघेत, कमरेशी विडीच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली आणि सोबत ताप असेल, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने तो होतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. डॉक्टरांना खपली दाखवा आणि शेतात काम करतो हे सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

कुटार उचलताना जाड हातमोजे घाला, आणि बूट झटकूनच पायात घाला.