लाँगबो घेताना या चुका टाळा: 60 पाउंडांचा मोह आणि 26 इंचांचा हात

गेल्या मे महिन्यात माझा आतेभाऊ अमेरिकेतल्या कोलोरॅडोहून गोव्यातल्या वाळपईला आला तो एक लांबलचक पेटी घेऊन. आत्याला वाटलं, पडद्याचे दांडे आणले. निघाला लाँगबो, म्हणजे लांब दांड्याचं साधं धनुष्य, नवा कोरा. मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं: 60@28. सप्टेंबरात तिकडे एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं म्हणून घेतला होता आणि सरावात खंड नको म्हणून बरोबर आणला होता.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दगडी बांधासमोर चिंध्या भरलेली गोणी टांगली. पठ्ठ्याने धनुष्य आधी आभाळाकडे उचललं आणि खाली आणता आणता कसंबसं ओढलं. दोरी हनुवटीशी पोचेपर्यंत डावा खांदा कानाला टेकला होता, उजवं कोपर थरथरत होतं. बाण गोणी सोडून बांधावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. "दादा, इथल्या घामाने हात सुटला." घाम होता, हे खरं. पण हात सुटला तो घामाने नव्हे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे, हत्यार बंदूक असो की धनुष्य. गवा तर अनुसूची 1 मध्ये येतो, त्याला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. तेव्हा आमच्या सत्तरी तालुक्यातल्या रानाकडे बघत हा लेख वाचू नका. परवाना काढून धनुष्याने शिकार करता येते अशा देशांत राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी तो आहे, आणि इथे गोणीवर नेम धरणाऱ्यांसाठीही. धनुष्य निवडण्याच्या चुका दोघांच्या सारख्याच.

आकडा धनुष्याचा, तुमचा नव्हे

60@28 म्हणजे दोरी 28 इंचांपर्यंत ओढली की बोटांवर 60 पाउंडांचा भार येतो, साधारण 27 किलो. तांदळाच्या पन्नास किलोच्या पोत्याच्या निम्म्याहून जास्त, आणि तो तीन बोटांवर. पण तुम्ही 28 इंच ओढता का? दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत माप घ्या, म्हणजे तुमची वाव, आणि तिला अडीचने भागा. भावाची वाव 165 सेंटीमीटर. भागाकार 66, म्हणजे 26 इंच. हा अंदाज झाला. नक्की माप हवं तर हलक्या धनुष्यावर लांब बाण ओढून त्यावर खूण करून घ्या. या वजनाच्या धनुष्यात दर इंचामागे अडीच-तीन पाउंड कमी-जास्त होतात. म्हणजे तो साठाचे पैसे मोजून पंचावन्नच्या आसपास ओढत होता आणि तेही त्याला पेलत नव्हतं. उंच, लांब हातांच्या माणसाचं उलटं होतं: पंचावन्नचं म्हणून घेतो आणि साठाशी झुंजत बसतो.

पेलणं म्हणजे काय, ते मी असं बघतो. पाटावर बसायचं, धनुष्य लक्ष्याच्या उंचीवरच ठेवायचं, वर न नेता सरळ ओढायचं, गालाशी ठरलेल्या जागी आणून सात-आठ सेकंद धरायचं आणि सावकाश परत सोडायचं. शिकारी तासन्‌तास थंडीत झाडावरच्या मचाणावर न हलता बसतो. मग अंग आखडलेलं असताना, जनावर समोर असताना, धनुष्य आभाळाकडे नेण्याची चैन त्याला नसते. पाटावर जमलं नाही तर ते धनुष्य तुमचं नाही. मात्र ओढून बघताना बाण लावल्याशिवाय दोरी सुटू देऊ नका. बाणात जायची ताकद परत लाकडात शिरते, धनुष्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, तिथेच तडकू शकतात.

'मोठ्या जनावराला जास्त पाउंड लागतात' हे अर्धं खरं. कोलोरॅडोत कायद्याने किमान 35 पाउंड हवेत. अलास्कात मूस, एल्क, बायसन अशा मोठ्या जनावरांसाठी 50. आधी तिथला नियम वाचा. त्या किमान आकड्याच्या वर, पण आपल्याला शांतपणे धरता येईल इतकंच घ्या. इंग्लंडात 1545 साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजातली धनुष्यं 100 पाउंडांच्या पुढची होती, असा दाखला भावाने मला ऐकवला. खरा आहे. पण ते तिरंदाज लहानपणापासून हेच करत, त्यांच्या सांगाड्यांतल्या खांद्यांवरही त्याच्या खुणा सापडल्या. भाऊ दिवसभर संगणकापुढे बसतो.

बाणावर काटकसर

धनुष्यावर सगळे पैसे घालून हलके बाण घेणारे मी पुष्कळ पाहिले. लाँगबोला जड बाण मानवतो. मोठ्या जनावरासाठी दर पाउंडामागे बाणाचं वजन 10 ग्रेन धरा. 45 पाउंड ओढत असाल तर 450 ग्रेन, म्हणजे 29 ग्रॅम. जड बाण सावकाश जातो पण खोल शिरतो, आणि हलक्या बाणाने हाताला बसतो तो झटका यात बसत नाही. बाणाच्या टोकाचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार हवं. अंतर वीस यार्डांच्या आत. त्यापलीकडे जनावर कितीही देखणं असलं तरी बघत राहायचं.

बाणाचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याशी जुळला नाही तर पिसं नसलेला बाण चुगली करतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर तो जास्त ताठ आहे, उजवीकडे लागला तर लवचीक. पण बाण सोडताना तुमचा हात आधी स्थिर हवा. थरथरत्या हाताने ही चाचणी घेतली की दर वेळी वेगळं उत्तर मिळतं, आणि मग माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

लांबीत फार खोलात जायचं कारण नाही. 26-27 इंच ओढणाऱ्याला 64-66 इंची धनुष्य, त्याहून जास्त ओढणाऱ्याला 66-68. आखूड धनुष्य झाडीत सोयीचं, पण शेवटच्या इंचाला एकदम जड होतं आणि दोरी बोटं चिमटते.

दोरी मनगटाला चावते

पहिल्या आठवड्यातली हमखास तक्रार ही. बहुतेक वेळा दोरी मुठीच्या फार जवळ असते. मूठ वळा, अंगठा उभा करा: मुठीच्या खालच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर साडेसहा-सात इंच भरतं. धनुष्याच्या मुठीपासून दोरी साधारण तितकी दूर हवी. कमी असेल तर दोरी उतरवून पाच-सहा पीळ जास्त द्या आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाशी ताडून बघा. जुनं धनुष्य घेत असाल तर त्याला नव्या, न ताणणाऱ्या धाग्याची दोरी लावण्याआधी विचारा. टोकं मजबूत केलेली नसतील तर ती फाटतात, तिथे डेक्रॉन या ताणणाऱ्या धाग्याचीच बरी. त्याच वेळी एक डोळा मिटून टोकाकडून बघा: दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसायला हवी. बाजूला सरकलेली दिसली तर पातं पिळलंय, सौदा सोडून द्या. (इंग्रजीत या पात्यांना लिंब म्हणतात. आमच्या आत्याने 'लिंब तडकलं' ऐकून परसातल्या लिंबाकडे बघितलं होतं.)

निव्वळ लाकडाचं धनुष्य दिसतं सुंदर, पण गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल पितं, मऊ पडतं आणि बाकच धरून बसतं. इथे ठेवायचं असेल तर फायबरग्लासचे थर असलेलं बरं. त्याला मात्र ऊन खपत नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर थरांमधला डिंक सैल होतो. भाऊ पणजीच्या बाजारात शिरताना पेटी डिकीत टाकून निघाला होता. मी तशीच उचलून खांद्यावर घेतली, आणि मासळीबाजारात लोक वाट देत गेले.

तिकडे परत गेल्यावर त्याने दुसऱ्या कारागिराकडून मुठीवर 45@26 लिहून घेतलं. साठाचं धनुष्य माझ्याकडे आहे, दोरी उतरवून, माजघरातल्या दोन खुंट्यांवर आडवं.