‘जुळ्यांचं पहिलं ऑपरेशन’ असं कुठे वाचलंत तर आधी हे तपासा

मध्ययुगात अंगाला अंग चिकटलेल्या जुळ्यांना वेगळं करायचं ऑपरेशन झालं होतं असं वाचलं की आपण थक्क होऊन लगेच फॉरवर्ड करतो, पण थांबा, आधी एकच विचारा, सुरी लागली तेव्हा दोघांपैकी जिवंत किती होते?

सगळ्यात गाजलेली केस घ्या. १०व्या शतकात आर्मेनियातले दोन भाऊ, पोटाशी जोडलेले, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल, तेव्हाची बायझंटाइन साम्राज्याची राजधानी) आले, लोक बघायला गर्दी करायचे, मग अपशकुनी म्हणून त्यांना शहराबाहेर काढलं. बादशहा सातव्या कॉन्स्टंटाइनच्या काळात ते परत आले, त्यातला एक वारला आणि तेव्हा कुठे वैद्यांनी मेलेल्याचं शरीर कापून वेगळं केलं. दुसरा तीन दिवस जगला. म्हणजे दोघांना वाचवायचा प्रश्नच नव्हता, एकाला मढ्यापासून सोडवायची धडपड होती ती. पण ना आजच्यासारखी भूल, ना रक्त चढवायची सोय, जंतूंचा पत्ता नाही, तरी तीन दिवस! मला तर तेच भारी वाटतं.

मग लिहिणारा कधीचा ते बघा. स्कायलिट्झेस या बायझंटाइन इतिहासकाराने ही हकीकत लिहिली ११व्या शतकाच्या शेवटाकडे, आणि त्याच्या पुस्तकाच्या माद्रिदमधल्या हस्तलिखितातलं या ऑपरेशनचं फेमस चित्र त्याच्याही नंतरचं, १२व्या शतकातलं, त्यामुळे चित्र बघून ऑपरेशनची टेक्निक सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. इंग्लंडमधल्या बिडेंडन गावच्या जोडलेल्या बहिणींबाबत तर अजून जपून. जन्म ११०० सालचा, ३४ वर्षांनी एक गेली, दुसरीने कापून घ्यायला नकार दिला आणि सहा तासांत तीही गेली असं सांगतात, पण सविस्तर छापील वर्णन मिळतं ते थेट १७७० चं!

शोधताना ‘सयामी जुळे’ टाकून उपयोग नाही, ते नाव सयाममध्ये (आजचं थायलंड) १८११ साली जन्मलेल्या चँग आणि एंग या जोडलेल्या भावांमुळे पडलं. जुन्या ग्रीक-लॅटिन लिखाणात असे जन्म ‘अचाट’, ‘शकुन’ अशा शब्दांखाली सापडतात.

आणि जोड नेमका कुठे होता ते शोधाच, कारण रक्तवाहिन्या सामाईक असतील तर एक मेल्यावर जिवंत असलेल्याचं रक्त मेलेल्याच्या अंगात जाऊ शकतं, मग हातात वेळ फार कमी उरतो. दोन्ही बाळं जगली अशी पक्की नोंद बघायची तर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला या, सर्जन योहानेस फातिओ, १६८९, छाती ते बेंबीमधला जोड, म्हणजे मध्ययुग संपून कितीतरी वर्षं झाली होती.