जुनी स्पोर्ट्स कार घेतलीत? अलॉय नंतर, आधी चासी नंबर

पंधरा-वीस वर्षं जुनी टू-सीटर हातात आली की सगळे आधी अलॉय आणि एक्झॉस्टच्या मागे लागतात, कृपा करून तसं करू नका. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर घ्या, गाडीवर कोरलेल्याशी जुळवा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मेल करून विचारा की या नंबरवर कुठला रिकॉल (दोष सापडला म्हणून कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी आहे का. उत्तर लेखीच मागा, फोनवरच्या "काही नाही साहेब"वर थांबू नका. आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आले पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, म्हणजे आपल्या गाडीसाठी पाठपुरावा आपणच करायचा.

सगळ्यात आधी एअरबॅग. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या धातूच्या डब्यातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत राहिलं की बिघडतं, आणि मग अपघातात बॅग उघडताना तो डबाच फुटून तुकडे अंगावर येतात. यात जीव गेलेत लोकांचे. मुंबईची हवा तुम्हाला माहितीच आहे. रिकॉल निघाला तर बदलून मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा, आणि कुर्ल्याच्या भंगारातली एअरबॅग स्वस्त म्हणून अजिबात बसवू नका.

रिकॉल नाही म्हणजे गाडी ठणठणीत असं नसतं. १९९७ ते २००८ च्या पोर्शे बॉक्सस्टरमध्ये इंजिनाच्या आत आयएमएस बेअरिंग (इंटरमीडिएट शाफ्ट या मधल्या दांड्याचं बेअरिंग) असतं, ते गेलं तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. ऑइल बदलताना जुना कागदी फिल्टर फेकू न देता घड्या उलगडून उन्हात धरा, चमचम दिसली तर चुंबक फिरवा, चिकटलं तर ते स्टील, म्हणजे बेअरिंग झिजत असू शकतं, मग गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या.

ब्रेक ऑइल पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर खंडाळ्याचा घाट उतरताना पेडल मऊ पडतं.

आणि सॉफ्ट टॉपवाल्यांनी (कापडी छताची गाडी) जूनच्या आधी ड्रेनची, म्हणजे छतावरचं पाणी खाली सोडणारी, भोकं साफ करा. माझी गाडी दादरला झाडाखाली असते, एका पावसाळ्यात भोकात पानं कुजून चिखल झाला आणि सगळं पाणी सीटखाली, कार्पेट पिळलं तर बादलीभर निघालं आणि कंट्रोल युनिटच्या पिनांवर हिरवा गंज. गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची दोरी हळूच आत घाला, वरून मगभर पाणी ओता, चाकापाशी खाली पडलं की भोक मोकळं.