कोड एडिटर कसा निवडावा: एक टॉवेलचं दुकान, तीन भाषा आणि एक आठवडा

“अबे, सारखा माउसला हात कशाला लावायलास बे?”

“तू आधी तुझ्या व्हिममध्ये एक ओळ मराठीत लिहून दाखव की!”

संध्याकाळी माझ्याकडे वेब प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या दोन मुलांचं हे रोजचं चालायचं. दोघं मिळून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल-चादरीच्या दुकानाची वेबसाइट करत होती. एक निओव्हिमवर, म्हणजे व्हिम या माउसशिवाय चालवायच्या एडिटरच्या नव्या अवतारावर, दुसरा मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडवर. कोड लिहायच्या अशा सॉफ्टवेअरला कोड एडिटर म्हणतात. तीन आठवडे झाले तरी दुकानदाराला दाखवण्यासारखं एक पान तयार नव्हतं. दोघांचे मुद्दे खरे होते, पण दुसऱ्याचा एडिटर दोघांपैकी कुणी तासभरसुद्धा वापरला नव्हता. शेवटी मी दोघांना तेच पान वेगवेगळ्या एडिटरवर पुन्हा पुन्हा करायला लावलं. त्यातून जी रीत बसली ती इथे लिहितो. रोज तासभर दिला तर आठवड्यात निकाल लागतो.

आधी आपलं मशीन बघा

बहुतेक जण एडिटरची वैशिष्ट्यं वाचत बसतात आणि आपल्या लॅपटॉपमध्ये रॅम किती आहे हे बघतच नाहीत. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीचा आकडा वहीत लिहा. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. तो, शेजारी उघडलेला क्रोम आणि मागे चालणारा नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) सर्व्हर, हे तिघं ४ जीबीत सुखाने नांदत नाहीत. सब्लाइम टेक्स्ट सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, तो जुन्या मशीनवरही चटकन उघडतो. व्हिम आणि नोटपॅड प्लस प्लस त्याहून हलके. माझा हिशेब असा: ४ जीबी असेल तर या तिघांतून निवडा, ८ जीबीवर व्हीएस कोड बरा चालतो, आणि वेबस्टॉर्म या वजनदार एडिटरचा विचार १६ जीबी असेल तरच करा.

चाचणी दुपारी घ्या, हेही आवर्जून सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. सकाळी सात वाजता गुळगुळीत चालणारा एडिटर दुपारी दोनला अक्षरामागून अक्षर ओढायला लागतो.

दुसरी परीक्षा विजेची: ती अचानक गेली तर लिहिलेलं उरतं का. दहा ओळी लिहा, सेव्ह करू नका आणि टास्क मॅनेजरमधून एडिटरला ‘एंड टास्क’ द्या. पुन्हा उघडा आणि काय शिल्लक राहिलं ते बघा. नोटपॅड प्लस प्लस न जतन केलेल्या मजकुराची प्रत दर ७ सेकंदांनी बाजूला ठेवतो. व्हिम २०० अक्षरं झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाइल (तात्पुरती प्रत) लिहितो, आणि पुढच्या वेळी ती फाइल उघडली की ‘रिकव्हर करू का’ असं विचारतो. व्हीएस कोड न जतन केलेल्या फाइली जपून ठेवतो, पण त्याचं ऑटो सेव्ह मुळात बंद असतं. ते फाइल मेनूतून चालू करा. बॅटरी गेलेला लॅपटॉप थेट प्लगवर चालवणाऱ्याने ही परीक्षा टाळू नये.

कोण जिवंत आहे ते बघा

जुन्या नोट्समध्ये अजून ॲटम आणि ब्रॅकेट्स हे एडिटर सापडतात. गिटहबने ॲटमचं काम १५ डिसेंबर २०२२ रोजी कायमचं थांबवलं. अडोबीने ब्रॅकेट्सचा आधार १ सप्टेंबर २०२१ पासून काढून घेतला. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत अशा एडिटरवर हात बसवण्यात अर्थ नाही. ॲटम लिहिणाऱ्यांपैकीच काही जणांनी पुढे रस्ट भाषेत झेड नावाचा वेगवान एडिटर केला, तो जिवंत आहे आणि बघण्यासारखाही आहे.

पैशाचंही इथेच ठरवून टाका. व्हीएस कोड, व्हिम, निओव्हिम, नोटपॅड प्लस प्लस फुकट आहेत. सब्लाइमला चाचणीची मुदत नाही, पण तो कायम वापरायचा तर परवाना घ्यायचा असतो आणि व्यक्तीसाठी त्याची किंमत ९९ डॉलर आहे. वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत झाला. शिकताना तो खुशाल वापरा, पण दुकानदाराकडून साइटचे पैसे घेणार असाल तर तो व्यावसायिक वापर झाला, परवाना विकत घ्यावा लागेल. मुलांना हा फरक मी पहिल्याच दिवशी सांगतो.

या यादीतून तीनच निवडा. अगदीच नवखे असाल तर तिघांतला एक व्हीएस कोड ठेवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२४ च्या पाहणीत ७० टक्क्यांहून जास्त डेव्हलपर तो वापरत होते, त्यामुळे अडलात तर विचारायला माणूस मिळतो.

एकच काम, तिन्हींवर

काम खरं घ्या. आम्ही घेतलं ते दुकानाचं पान: चाळीस टॉवेल-चादरींचा तक्ता, भाव, चौकशीचा फॉर्म आणि मजकूर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत. सोलापुरात गिऱ्हाईक या तिन्ही भाषांत बोलतं, तेव्हा साइटही तशीच हवी. पहिल्या एडिटरवर झालं की फोल्डर पुसा आणि दुसऱ्यावर कोऱ्यापासून सुरू करा.

पानाचा सांगाडा एमेटने, म्हणजे छोट्या खुणेवरून एचटीएमएल लिहून देणाऱ्या साधनाने, उभा करा. व्हीएस कोडमध्ये एमेट आतच असतं, सब्लाइममध्ये पॅकेज (वरून जोडायचा भाग) म्हणून बसवावं लागतं. रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह लिहून टॅब दाबलं की अख्खा सांगाडा येतो. पण त्यात भाषेच्या जागी ‘ईएन’ (इंग्रजी) असतं आणि ते बदलायला जवळजवळ सगळेच विसरतात. मराठी पानाला ‘एमआर’, तेलुगूला ‘टीई’, कन्नडला ‘केएन’ लिहा. अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर यावरूनच उच्चार ठरवतं. व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये एमेटच्या व्हेरिएबल्समध्ये ही भाषा एकदा बदलून ठेवली की रोजची आठवण लागत नाही.

मग चाळीस ओळींतलं ‘रु.’ काढून तिथे रुपयाचं चिन्ह आणा. सब्लाइम आणि व्हीएस कोड दोन्हींत कंट्रोल-डी दाबत गेलं की एकामागून एक जागा निवडल्या जातात. सगळ्या एकदम हव्या असतील तर सब्लाइममध्ये ऑल्ट-एफ३ आणि व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एल. व्हिममध्ये एकच जागा बदलायची, पुढच्या जागी जायचं आणि टिंब दाबायचं. टिंब म्हणजे ‘मघाचंच पुन्हा कर’. निओव्हिमवाल्याने हे एवढ्या झपाट्याने केलं की दुसरा वही खाली ठेवून बघतच राहिला.

तिसरं काम नाव बदलण्याचं. जावास्क्रिप्टमधल्या एखाद्या फंक्शनचं नाव सगळ्या फाइलींत एकदम बदला. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी एफ२ आहे. सीएसएसच्या क्लासवर मात्र एफ२ भरवशाचं नाही, तिथे सगळ्या फाइलींत शोधून बदलावं लागतं. चौथं काम म्हणून एका फंक्शनच्या नावात मुद्दाम चूक करा आणि एडिटर आपणहून सांगतो का ते बघा. वेबस्टॉर्म सांगतो. व्हीएस कोड साध्या जावास्क्रिप्टमध्ये गप्प राहतो; फाइलीच्या डोक्यावर ‘ॲट-टीएस-चेक’ची टिप्पणी लिहिली की बोलायला लागतो.

इथे एक जुना मुद्दा निकालात काढतो. “व्हीएस कोडला भाषा कळते, व्हिमला नुसती अक्षरं कळतात” हे वाक्य अजून ऐकू येतं. एके काळी ते बरोबर होतं. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे भाषा जाणणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमशी एडिटरने कसं बोलायचं याचे नियम, खुला केला आणि भाषेचं ज्ञान एडिटरपासून वेगळं झालं. जकार्डच्या मागावर चादर विणताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. मोर हवा की फूल, हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असतं, मागात नसतं. कार्डांची माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. तसा टाइपस्क्रिप्टचा (जावास्क्रिप्टच्या वाढीव रूपाचा) लँग्वेज सर्व्हर ही एक कार्डांची माळ आहे. २०२१ मध्ये आलेल्या ०.५ आवृत्तीपासून निओव्हिममध्ये तो जोडायची सोय आतच आहे, सब्लाइममध्ये पॅकेजने जोडता येतो. व्हीएस कोडमध्ये सगळं जोडून मिळतं, निओव्हिममध्ये ते आपल्या हाताने जोडावं लागतं आणि त्यात एक-दोन संध्याकाळी जातात. आज उरलेला फरक एवढाच आहे.

मराठी लिहून बघा

याच परीक्षेने आमच्याकडचा वाद खरा सोडवला, आणि परदेशी तुलनांमध्ये तिचा पत्ता नसतो.

टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेल्या रुंदीचा चौकोन असतो. देवनागरी त्यात मावत नाही. ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की अनेक टर्मिनलवर वेलांटी एकीकडे आणि जोडाक्षर दुसरीकडे पडतं, कर्सर भलत्याच ठिकाणी दिसतो. तेलुगू-कन्नडची गतही तशीच. व्हीएस कोडमध्ये ब्राउझरचंच यंत्र असल्याने जोडाक्षरं नीट जुळतात. तिथे फाँटच्या यादीत कोडच्या फाँटनंतर नोटो सान्स देवनागरीचं नाव घाला आणि ओळीची उंची थोडी वाढवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो.

व्हिमची दुसरी अडचण जास्त छळते. मराठी कळफलक चालू ठेवून नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा अक्षरं लिहीत नाहीत, आज्ञा देतात) आलात की जे, के, डी या कळा देवनागरी अक्षरं पाठवतात आणि एकही आज्ञा चालत नाही. दर वेळी विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलायची आणि मग काम करायचं. दिवसभर कोडच लिहिणाऱ्याला याने काही बिघडत नाही. पान भरून मराठी मजकूर लिहिणाऱ्याचा मात्र जीव मेटाकुटीला येतो.

एक गोष्ट कोणत्याच एडिटरने सुटणार नाही. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर तो चिकटवताच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यासाठी एडिटर बदलत बसू नका, मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

हात बसू द्या

पहिल्या दिवशीच्या वेगावरून निकाल देऊ नका. व्हिमसोबत येणारा व्हिमट्यूटर अर्ध्या तासात होतो, पण बोटांना ते पटायला दोन आठवडे लागतात. वहीत वेळ लिहिण्यापेक्षा हात कुठे अडला ते लिहा. ‘फाइल शोधताना अडलो’ असं पाच वेळा आलं तर त्या एडिटरमधली फाइल शोधायची कळ आधी पाठ करा. व्हीएस कोड आणि सब्लाइममध्ये ती कंट्रोल-पी आहे.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या सोयींचा, मोह आवरा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या व्हीएस कोडमध्ये साठच्या वर एक्स्टेन्शन होती आणि तो व्हीएस कोडला मंद म्हणत होता. कमांड पॅलेटमधून (आज्ञा शोधायच्या चौकटीतून) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. अर्धी बंद, अर्धी चालू असं करत तो दोषी एक्स्टेन्शनपर्यंत नेऊन सोडतो.

दोघांचे एडिटर वेगळे राहिले तर

राहू द्या. पण फाइलींवर एकमत करा. आमच्याकडे एकाच्या एडिटरने टॅब घातले, दुसऱ्याच्याने स्पेस. एका भावाचा बदल करायचा होता आणि फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने तीनशे ओळी बदललेल्या दाखवल्या. नेमका कोणता भाव बदलला ते शोधायला संध्याकाळ गेली. त्या रात्री प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ नावाची फाइल ठेवली: इंडेंट दोन स्पेस, ओळीचा शेवट एलएफ, एन्कोडिंग यूटीएफ-८. वेबस्टॉर्म आणि ०.९ पासूनचा निओव्हिम ही फाइल आपणहून वाचतात. व्हीएस कोड आणि सब्लाइमला त्यासाठी एक्स्टेन्शन किंवा पॅकेज लागतं. जोडीला प्रेटिअर बसवा आणि सेव्ह करताना त्यालाच कोड नीट लावू द्या.

एडिटर कोणताही ठरो, व्हीआयच्या, म्हणजे व्हिमच्या पूर्वजाच्या, चार गोष्टी मात्र प्रत्येकाने शिकाव्यात. लिनक्स सर्व्हरवर दुसरं काही नसलं तरी तो बहुधा असतोच. ‘आय’ दाबून लिहायला लागायचं, एस्केपने बाहेर यायचं, कोलन-डब्ल्यू-क्यूने जतन करून निघायचं, आणि काही बिघडलं तर कोलन-क्यू-उद्गारचिन्हाने न जतन करता निघायचं.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आदल्या रात्री दुकानदाराचा फोन आला, तीन चादरींचे भाव चुकले होते. निओव्हिमवाला गावाला गेलेला. व्हीएस कोडवाल्याने सर्व्हरवर शिरून व्हीआयमध्येच तिन्ही आकडे बदलले, आणि सकाळी तेच बदल गिटमध्ये घातले. मजकूर तो अजून व्हीएस कोडमध्येच लिहितो. जावास्क्रिप्ट दुसऱ्याकडे आहे, निओव्हिममध्ये.