फाईल परत पाठवणारीचा सल्ला: तीन खात्यांचा पैसा एका कामावर कसा आणायचा

मी अकाउंट्सची माणूस. एकोणतीस वर्षं पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत काढली, थोडी सातारा जिल्ह्यात, जास्त सांगली जिल्ह्यात. त्यामुळे खालचा कुठला किस्सा कुठल्या कार्यालयातला, ते विचारू नका. त्यातली निम्मी वर्षं माझं काम एकच होतं: आलेल्या प्रस्तावात त्रुटी शोधायच्या आणि "त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे" असा शेरा मारायचा. आता विट्याला असते. आसपासचे ग्रामसेवक, सरपंच, कधी एखादा विस्तार अधिकारी कागद घेऊन घरी येतात. पहिल्या पानावर बहुतेक वेळा हेच वाक्य असतं: "गावाच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने सदर काम होणे अत्यंत गरजेचे आहे."

या वाक्यावर पैसे मंजूर झालेले मला आठवत नाहीत. मंजूर झाले असतील तर ते दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण कागदावर नसतं.

तुमचा प्रस्ताव कोण वाचतं, ते आधी समजून घ्या. कागद बारनिशीत, म्हणजे आवक टेबलावर पडतो, तिथून लिपिकाकडे जातो. लिपिक टिपणी लिहितो. मग सहायक लेखाधिकारी, मग खातेप्रमुख, रक्कम मोठी असेल तर कॅफो (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) आणि सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). साहेब टिपणी वाचतात, तुमची चाळीस पानं नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या पानात अशी पाच-सहा वाक्यं हवीत जी लिपिकाला उचलून जशीच्या तशी टिपणीत टाकता येतील: काम काय, कुठे, कोणाला उपयोग, किती रुपये, कुठल्या लेखाशीर्षातून (बजेटमधला त्या खर्चाचा क्रमांक), कधीपर्यंत. दुपारी चार वाजता, समोर साठ फायली असताना, लिपिक तुमच्यासाठी वाक्यं रचत बसणार नाही. मीही बसले नाही.

आता उदाहरणाने सांगते. माणदेशातलं एक गाव, नाव राहू द्या. तिथली अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची. इमारतीचा प्रस्ताव दोनदा परत आलेला. सरपंच बाई माझ्याकडे आल्या, कागद बघितले तर तेच, सर्वांगीण विकास. मी विचारलं, "देवळात भरते म्हणजे नक्की अडतं काय?" त्या म्हणाल्या, "ताई, सप्ता बसला की आठ दिवस बंद. जत्रंला बंद. कुणाचं लगीन असलं की बंद. पोरं यायची, कुलूप बघून माघारी जायची."

म्हटलं, हे किती दिवस होतं ते सेविकेच्या रजिस्टरवरून काढून आणा. आले ४१ दिवस. पटावर ३४ मुलं. अंगणवाडीतून वर्षाला ३०० दिवस पूरक आहार द्यायचा हा महिला व बालविकास खात्याचा स्वतःचाच नियम आहे. म्हणजे जागेअभावी त्या खात्याचाच नियम मोडत होता. तो आकडा आणि तो नियम शेजारी-शेजारी लिहिले. पुढे एक विशेषण लावलं नाही. गरिबी, मागासलेपण, डोंगराळ भाग, हे सगळं खोडून टाकलं. बाईंना ते खोडताना वाईट वाटलं, पण त्यांनी खोडलं.

पैसा कुठून? केंद्राच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे अंगणवाडीची इमारत १२ लाखांची धरली जायची: ८ लाख मनरेगातून (म्हणजे रोजगार हमी), २ लाख १५ व्या वित्त आयोगातून किंवा दुसऱ्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतून, २ लाख महिला व बालविकासकडून. आधी हेच गणित ७ लाखांचं होतं, ५ अधिक १ अधिक १. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात ही तीन खाती म्हणजे तीन भाऊ एकाच घरात आणि तीन चुली.

आता जो भाग लोक हमखास चुकतात तो. एकच प्रस्ताव, तीन झेरॉक्स, तीन कार्यालयं, असं करू नका. सोबतचा तक्ता, अंदाजपत्रक, नकाशा तिन्हीकडे एकच हवा, अक्षर न अक्षर. पण वरचं पत्र तीन वेगळं. महिला व बालविकासच्या पत्रात ४१ दिवस आणि ३०० दिवसांचा नियम. रोजगार हमीच्या पत्रात मुलांबद्दल एक ओळ पुरे. त्यांना हवे असतात मनुष्यदिवस, जॉबकार्डधारक मजूर किती, काम कुठल्या महिन्यात. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्याच खात्यात असतो, तिथे पटवायचं ते ग्रामसभेला, आणि दाखवायचं ते एवढंच की काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आहे. प्रत्येक खात्याला वाटलं पाहिजे की हे आपलंच काम आहे आणि बाकीचे दोघे मदतीला आलेत.

ही खोड मी जलयुक्त शिवारात शिकले. २०१४ च्या अखेरीस ते अभियान सुरू झालं तेव्हा कृषी, लघु पाटबंधारे, वन, भूजल सर्वेक्षण, सगळे एका गावाच्या आराखड्यावर आले. एका पानाचा तक्ता असायचा: काम, यंत्रणा, निधीचा स्रोत, रक्कम. ज्या गावाचा तो तक्ता स्वच्छ, त्याची कामं पुढे सरकायची. बाकीचे एकाच नाल्यावर दोन खात्यांचे बंधारे दाखवून बसायचे.

त्या तक्त्याशी जोडलेली खरी गोम म्हणजे दुबार कामाचा दाखला. प्रत्येक खातं मागतं: "सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर अथवा पूर्ण झालेले नाही." आणि आपण तर तीन योजनांतून पैसे घेतोय! ग्रामसेवक डोळे मिटून सही करतो, दोन वर्षांनी लेखापरीक्षण येतं, तिन्ही फायली शेजारी ठेवल्या जातात आणि त्याच्यावर वसुली निघते. असं झालेलं मी पाहिलंय. माणूस प्रामाणिक होता, फक्त दाखल्याचा मजकूर छापील होता.

यावर तोड म्हणजे इमारतीचे तुकडे पाडा, कागदावर. आम्ही असे पाडले: पायापासून छतापर्यंत मनरेगा. फरशी, दारं-खिडक्या, वीज, रंग महिला व बालविकास. शौचालय, पाण्याची टाकी आणि हात धुण्याचा कट्टा सव्वा लाखाचा, तो वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. कुंपण आणि पायरी-उतार पाऊण लाखाचं, ते अबंधितमधून. १५ व्या आयोगात २०२१ नंतर ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा, म्हणून ही विभागणी. मग दाखला असा लिहायचा: "घटक क्र. ३ साठी अन्य कोणत्याही योजनेतून निधी घेतलेला नाही. घटक १ व २ चा निधीस्रोत सोबतच्या तक्त्यात नमूद आहे." खरं लिहिलेलं, आणि ऑडिटला उत्तर तयार.

तुकडे पाडण्याचं दुसरं कारण, मनरेगात ठेकेदार चालत नाही. तिथे हजेरीपत्रक आणि मजूर. बाकीच्या घटकांना निविदा. सगळं एका अंदाजपत्रकात कालवलंत की शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत काय कुठे लिहायचं यावरून अडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

मनरेगाचं आणखी एक. मजुरीवर ६० आणि साहित्यावर ४० हे प्रमाण जिल्हा पातळीवर सांभाळायचं असतं. इमारत म्हटलं की सिमेंट, स्टील, साहित्याचा खर्च वर जातो, म्हणून इमारतीचं काम दिसलं की ते खातं हात आखडतं. त्यावर आम्ही त्याच गावातून, त्याच वर्षाच्या लेबर बजेटमध्ये (मनरेगाच्या वर्षभराच्या कामांच्या आराखड्यात) सलग समतल चर (उतारावर पाणी अडवायला खणलेले) आणि रस्त्याकडेची वृक्षलागवड घातली, दोन्ही जवळजवळ निव्वळ मजुरीची कामं. पत्रात एक ओळ लिहिली: गावातली तिन्ही कामं मिळून मजुरीचा वाटा ६० टक्क्यांच्या वर राहतो. ती ओळ टिपणीत तशीच आलेली मी नंतर पाहिली. (रोजगार हमीचा प्रयोग वि. स. पागे यांनी पहिल्यांदा आमच्याच तासगाव तालुक्यात केला, १९७७ ला राज्यात कायदा झाला. आणि आमच्याच भागात हे ६०:४० समजावून सांगायला लागतं, असो.) या योजनेचे नियम मात्र बदलत असतात, २०२५ च्या अखेरीस तर मनरेगाच्या जागी नवा कायदाच मंजूर झाला, म्हणून ताजं परिपत्रक हातात घेतल्याशिवाय जुन्या फाईलची नक्कल करू नका.

लेखाशीर्ष. गावातला कार्यकर्तासुद्धा "पंचवीस-पंधरातून घ्या", "तीस-चोपन्नमधून बसवा" असं बोलतो, पण आकड्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. ३०५४ रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ रस्त्यांचं नवं बांधकाम. दुरुस्तीचं काम भांडवली शीर्षाखाली मागितलं की फाईल वाचायचीही गरज नसते, पहिल्याच टेबलावरून परत. मी कितीतरी अशा परत केल्यात, दोन मिनिटांत. म्हणून जिल्हा वार्षिक योजनेतून मागत असाल तर आधी नियोजन कार्यालयात जाऊन शीर्ष विचारून घ्या, मग कामाचं नाव ठेवा. नाव आधी ठेवून शीर्ष शोधत फिरू नका.

नावावरून आठवलं. विकास आराखड्यात "अंगणवाडी इमारत बांधणे", लेबर बजेटमध्ये "अंगणवाडी क्र. २ खोली बांधकाम", ठरावात "बालवाडी". कॉम्प्युटरला ही तीन कामं वाटतात. एकच नाव ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा, शुद्धलेखनासकट.

"आधी त्यांची मान्यता आणा" हा खेळ. महिला व बालविकास म्हणतं मनरेगाची प्रशासकीय मान्यता दाखवा, मनरेगावाले म्हणतात बाकीचे ४ लाख कुठेत ते दाखवा. दोन वर्षं अशी गेलेली फाईल माझ्या कपाटात होती. इथे कोणापासून सुरुवात करायची ते पैशाच्या आयुष्यावरून ठरवा. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी राज्याच्या यंत्रणेकडे असेल तर ३१ मार्चला जातो. जिल्हा परिषदेकडे आलेला असेल तर खर्चाला पुढचा मार्च मिळतो. ज्याचा पैसा लवकर मरतो त्याच्याकडे आधी जा. त्याला घाई असते. ग्रामपंचायतीचा वाटा हातातला आहे, म्हणून ठराव आणि बँकेतल्या शिलकीचा दाखला पहिल्या दिवशीच जोडा. "आमचे २ लाख तयार आहेत" असं म्हणणाऱ्या गावाकडे बघण्याची नजर वेगळी असते, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगते.

तिन्ही खात्यांची संयुक्त बैठक बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) लावायला सांगा आणि इतिवृत्त दोन दिवसांत स्वतः लिहून न्या. इतिवृत्तात "सर्वांनी सहमती दर्शवली" नको. कोण, किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत. सह्या त्याच आठवड्यात. बदल्यांचा मोसम मे-जूनमध्ये येतो आणि नवा माणूस तोंडी कबुली मानत नाही, का मानावी?

माझी स्वतःची चूकही सांगते. या अंगणवाडीत मी सगळं तपासलं आणि जागा तपासली नाही. गावाने दाखवलेली जागा सातबाऱ्यावर गायरान निघाली. २०११ पासून गायरानाबाबत शासनाचं धोरण कडक आहे, ग्रामपंचायतीच्या ठरावाने ते वापरता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सहा महिने गेले. शेवटी गावठाणातली जुनी चावडीची जागा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (मालमत्तांच्या नोंदवहीत) नोंद असलेली, ती घेतली. उतारा सगळ्यात आधी काढा, अंदाजपत्रकाच्याही आधी.

अंदाजपत्रक चालू दरसूचीवरच (बांधकामाच्या सरकारी दरांच्या यादीवर) करून घ्या, आणि १८ टक्के जीएसटी व १ टक्का कामगार उपकर धरूनच रक्कम मर्यादेत बसली पाहिजे. आमचं पहिलं अंदाजपत्रक कर सोडून १२ लाख झालं होतं. अभियंत्याशी वाद घालण्यापेक्षा खोलीची लांबी दीड फूट कमी केली.

फोटो जोडा, तारीख आणि ठिकाण उमटलेले. तीन पुरेत: ओवरीत बसलेली मुलं, कुलूप लावलेलं दार, मोकळी जागा. पुढाऱ्यांसोबतचे फोटो काढून टाका.

आणि वीजबिल. इमारत झाल्यावर बिल कोण भरणार, देखभाल कोणाची, यावर ग्रामपंचायतीचा एका ओळीचा ठराव. कुणीच मागत नाही, पण टिपणीत "देखभालीची जबाबदारी ग्रामपंचायतीने स्वीकारली आहे" हे वाक्य आलं की खातेप्रमुखाचा पेन पुढे सरकतो.

प्रस्ताव दिलात की आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्या, तिन्ही ठिकाणी, आणि आठवड्याने लिपिकाला भेटा. साहेबांना नंतर. माझ्याकडे यायचं असेल तर दुपारी तीननंतर या आणि झेरॉक्स आणा. मागच्या महिन्यात एकाने मूळ ठराव आणला, आणि माझ्या नातवाने त्यावर दुधाचा पेला ठेवला. पुन्हा ग्रामसभेच्या वहीवरून नक्कल काढायला लागली बिचाऱ्याला.