नेटवर्क्सची क्रेडिट्स बदलताय? आधी बॅकलॉगची यादी काढा

आमच्या स्वायत्त कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटर नेटवर्क्सची थिअरी ३ क्रेडिटवरून २ वर आणली आणि लॅब १ वरून २ केली. ठराव मीच लिहिला होता. पुढे शेवटच्या वर्षाच्या निकालात एका मुलाच्या क्रेडिट्सची बेरीज डिग्रीला लागणाऱ्या १६० ऐवजी १५९ आली. जुन्या ३ क्रेडिटच्या पेपरात तो राहिला होता, सुटला नव्या २ क्रेडिटच्या पेपरात. सगळे विषय पास, हातात नोकरीचं पत्र, आणि एका क्रेडिटपायी डिग्री अडकलेली. त्याचे वडील गावाहून येऊन दिवसभर परीक्षा विभागाच्या बाहेर बसून होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून अभ्यासक्रमाला हात लावण्याआधी जुना पेपर न सुटलेल्या प्रत्येकाची यादी परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. नुसते एटीकेटीवाले नकोत. इयर डाउन झालेले, मध्येच ब्रेक घेतलेले, फॉर्मच न भरलेले, सगळे. मग समकक्षता तक्ता करा: जुना कोड, जुनी क्रेडिट्स, नवा कोड, नवी क्रेडिट्स आणि फरक कसा भरून काढायचा. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. जुन्यांसाठी जुनाच पेपर आणखी काही परीक्षा चालू ठेवणं मला सगळ्यात सरळ वाटतं.

आता तास. एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे थिअरी ४५ वरून ३० तासांवर येते. पंधरा तास गेले तर तेवढा मजकूरही गेलाच पाहिजे. तोच सिलॅबस दाबून बसवू नका. एटीएम (बँकेचं नव्हे), फ्रेम रिले ही जुनी नेटवर्क तंत्रं खुशाल काढा, ओएसआय या नेटवर्कच्या मॉडेलच्या सात थरांवरचे तास कमी करा. सबनेटिंग, राउटिंग, टीसीपीचं फ्लो आणि कंजेशन कंट्रोल मात्र राहू द्या, एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेला ते लागतं. लॅबमध्ये वाढलेला वेळ वायरशार्कला, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला द्या. टीसीपीचं थ्री-वे हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू करतानाची तीन पॅकेट्सची देवाणघेवाण, फळ्यावर दहादा काढून जे कळत नाही, ते स्वतःच्या मशिनवरची तीन पॅकेट्स पाहिली की मुलांना कळतं.

लॅबच्या बॅचेस मोजा. एका डिव्हिजनच्या तीन बॅचेस आणि लॅबच्या एका क्रेडिटला आठवड्याचे दोन तास धरले तर आठवड्याचे ३ अधिक ६ म्हणजे ९ तास होते, ते आता २ अधिक १२ म्हणजे १४ होतात. दोन डिव्हिजन असतील तर दहा तास वाढले. ते कोण घेणार आणि लॅब कधी रिकामी आहे, हे टाइमटेबलवाल्यांना आधी विचारा, ठराव झाल्यावर नाही.

आणि समकक्षता तक्ता. झाला का? नसेल तर पुढे जाऊ नका. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आणि दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेले त्यात आहेत का, तेही बघा.

अभ्यास मंडळाच्या बैठकीची नोटीस वेळेत काढा. कुलगुरूंनी नेमलेले तज्ज्ञ आणि उद्योगातले प्रतिनिधी यांना मसुदा आधी पाठवा. सेमिस्टरची एकूण बेरीज जुळवा. सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जोडणं), मार्कांची विभागणी, नवे कोड हे नेहमीचंच.

विद्या परिषदेसमोर जाताना तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा आणि ठरावाच्या मजकुरात त्याचा क्रमांक लिहा. तोंडी "ते नंतर बघू" म्हणाल तर ते नंतर कोणीही बघत नाही.

मंजुरीनंतर परिपत्रक, वेबसाइट, मुलांना सूचना. निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी क्रेडिट्स भरली की एक चाचणी निकाल काढा, पण नियमित मुलाचा नको. यादीतला बॅकलॉगवाला घ्या, त्याला नेटवर्क्समध्ये पास करा आणि बेरीज १६० येते का पाहा.